यंत्राचा एक तास, पेशंटचे ४७ दिवस

माझ्या मेहुण्याची फाइल म्हणजे साड्यांच्या दुकानाची एक पिशवी. गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी ती त्याच्या पलंगावर पालथी केली आणि तारखांप्रमाणे कागद लावत बसलो.

पहिला कागद १० जुलैचा. खोकल्याचं औषध, पाच दिवसांचं अँटिबायोटिक, पित्ताची गोळी. दुसरा १७ जुलैचा, त्याच डॉक्टरांचा. अँटिबायोटिक बदललेलं, ॲलर्जीची गोळी वाढलेली. मेहुणा वेल्डिंगचं काम करतो, त्यामुळं हा धुराचा खोकला आहे यावर डॉक्टरांचं, घरच्यांचं आणि त्याचं स्वतःचं एकमत होतं. गुण येईना म्हणून दवाखाना बदलला. तिथं सलाइन, एक इंजेक्शन आणि सात दिवस लिव्होफ्लॉक्सासिन. ताप उतरला, जेवण जायला लागलं, सगळ्यांना हायसं वाटलं. दहा-बारा दिवसांनी ताप परत आला. मग रक्ताच्या तपासण्यांची थप्पी, त्यात टायफॉइडसाठीची विडालसुद्धा. शेवटी कुणीतरी म्हणालं, छातीचा फोटो काढा. फोटोत उजव्या बाजूला वर डाग. २५ ऑगस्टला सकाळी उपजिल्हा रुग्णालयात बेडका दिला, दुपारी टीबी असल्याचा रिपोर्ट हातात आला, आणि २६ तारखेला, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, पहिली गोळी पोटात गेली.

१० जुलै ते २६ ऑगस्ट, ४७ दिवस. बहीण म्हणते खोकला वटपौर्णिमेच्या सुमारासच सुरू झाला होता, पण तो महिना मी धरलेला नाही. धरलेत ते फक्त डॉक्टरच्या दारात पाऊल टाकल्यानंतरचे दिवस. ज्या यंत्रानं हा रोग एका दुपारी पकडला ते मेहुण्याच्या गॅरेजपासून दीड किलोमीटरवर आहे. तो रोज त्या फाटकासमोरून गाडी चालवत जात होता, खोकत.

क्षयरोगाच्या निदानात गेल्या पंधरा वर्षांत झालेली प्रगती खरी आहे आणि मोठी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार घड्याळाबद्दल आहे. आपण ते चुकीच्या जागी सुरू करतो. नमुना यंत्रात घातल्यापासून किती मिनिटांत उत्तर आलं हे अभिमानानं सांगतो. पेशंट खोकला घेऊन पहिल्यांदा कुणाच्या तरी दारात गेला, तिथपासून पहिल्या गोळीपर्यंत किती दिवस गेले, हे मात्र कुणी सांगत नाही. एखाद्या जिल्ह्याचा क्षयरोग कार्यक्रम चांगला की वाईट हे याच दुसऱ्या आकड्यावर ठरवावं, असं माझं मत आहे.

आधी प्रगतीबद्दल, कारण तिला कमी लेखायचं नाही. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सव्वाशे वर्षं आपण जवळपास तेच करत होतो: बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकातून जंतू मोजायचे. ही तपासणी स्वस्त आहे, पण एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे रोग चांगला मुरल्यावरच ती 'आहे' म्हणते. २०१० च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ज्या तपासणीला मान्यता दिली, आणि आपल्याकडं जिला सीबीनॅट म्हणतात, ती जंतूचा जनुकीय तुकडा शोधते. तिला मिलिलिटरमागं शे-सव्वाशे जंतू पुरतात. दोन तासांत उत्तर मिळतं, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध या जंतूवर चालणार की नाही तेही त्याच उत्तरात कळतं. पूर्वी एवढ्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवावे लागत, त्यात आठवडे जात.

सीबीनॅटला मात्र अखंड वीज आणि थंड खोली लागते. तालुक्याच्या गावात उन्हाळ्यात या दोन्हींचा भरवसा कुणी द्यावा? ट्रूनॅट आलं ते इथं. बंगळूरच्या बिगटेकनं विकसित केलेलं आणि गोव्यात मोलबायो कंपनी बनवते ते हे यंत्र बॅटरीवर चालतं, टेबलाच्या कोपऱ्यात मावतं. एका पेटीत बेडक्यातून जनुकीय द्रव्य वेगळं काढायचं, त्याचा थेंब नखाएवढ्या चिपवर टाकायचा, चिप दुसऱ्या पेटीत सरकवायची. सगळं मिळून साधारण तासाभराचं काम. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यालाही मान्यता दिली. त्याच वर्षी कोरोनाच्या तपासणीसाठी ही यंत्रं जुंपली गेली. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या २४ लाख नोंदी झाल्या होत्या, त्या २०२० मध्ये १८ लाखांवर आल्या. क्षय काही घटला नव्हता. टाळेबंदीत माणसं दवाखान्यापर्यंत पोचली नाहीत, आणि पोचली तिथं यंत्रं आणि तंत्रज्ञ दुसऱ्या कामात होते.

तर यंत्र आहे, आणि ते आपल्या मुलखात बनलेलं आहे. मग मेहुण्याचे ४७ दिवस गेले कुठं?

भारतातल्या अशा विलंबावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणं सुरू होण्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा मधला आकडा निघाला सुमारे ५५ दिवस. त्याची फोड आणखी बोलकी आहे. पेशंट स्वतः घरी काढतो ते साधारण १८ दिवस. निदान झाल्यावर गोळी सुरू व्हायला अडीच दिवस. आणि पहिला डॉक्टर गाठल्यापासून निदान होईपर्यंत ३१ दिवस. तोवर पेशंट सरासरी दोन ते तीन डॉक्टर फिरून आलेला असतो. 'लोक अंगावर काढतात' हे आपलं ठरलेलं वाक्य आहे. काढतात, खरंच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक कुठंच दाखवायला गेलेले नव्हते. पण जे गेले त्यांच्या बाबतीत मोठा वेळ अंगावर काढण्यात गेलेला नाही. तो दवाखान्यांच्या बाकांवर गेला आहे.

त्या बाकावर काय घडतं हे पाहायला संशोधकांनी एक नामी युक्ती केली. मुंबई आणि पाटण्यात काही माणसांना पेशंटची भूमिका शिकवून खासगी डॉक्टरांकडं पाठवलं. दोन-तीन आठवडे खोकला, ताप, अशी ठराविक गोष्ट त्यांनी सांगायची आणि डॉक्टर काय करतात ते बाहेर येऊन नोंदवायचं. एका भूमिकेत तर पेशंटच्या हातात बेडक्यात जंतू सापडल्याचा रिपोर्टच होता. असे अडीच हजारांहून अधिक फेरे झाले. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार योग्य ती दिशा मिळाली साधारण एकतृतीयांश भेटींत. बाकीच्या ठिकाणी काही ना काही औषध मिळालं, बऱ्याचदा अँटिबायोटिक.

लिव्होफ्लॉक्सासिनचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मेहुण्याचे किमान दोन आठवडे त्यानं खाल्ले. हे औषध क्षयाच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतं, इतकं की औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या उपचारात ते वापरतात. एकटं, सात दिवस दिलं तर ते सगळे जंतू मारत नाही, उरलेल्यांना नुसतं दटावतं. ताप उतरतो, बेडक्यातले जंतू घटतात, त्या आठवड्यात तपासणी केली तरी ती हुकू शकते. पेशंटला वाटतं गुण आला, डॉक्टरला वाटतं साधा न्यूमोनिया होता. शिवाय उद्या गरज पडली तर जे औषध कामी यायचं त्याची ओळख जंतूला आधीच झालेली असते. २०१४ पासून हे औषध एच-वन यादीत आहे. दुकानदारानं वेगळ्या वहीत पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते विकायचं असा नियम आहे. मेहुण्याच्या गावात मी दोन दुकानांत विचारलं. एका ठिकाणी वही होती. दुसऱ्या ठिकाणी माझ्याकडं 'हा कोण आला' असं पाहण्यात आलं.

इथं डॉक्टरांना धोपटणं सोपं आहे, मला ते करायचं नाही. पावसाळ्यात तालुक्याच्या जनरल प्रॅक्टिसमध्ये दिवसाला साठ-सत्तर पेशंट येतात आणि त्यातले निम्मे खोकत असतात. त्या प्रत्येकाला क्षय नसतो. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं, "अहो, पहिल्या भेटीत बेडका तपासा म्हटलं की पेशंट उठतो आणि समोरच्याकडं जातो. समोरचा इंजेक्शन देतो. वर गावभर होतं, डॉक्टर उगाच टीबी म्हणतात." तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट आहे, पण फुकट तपासणीसाठी मजुराचा अर्धा दिवस बुडतो. आणि 'टीबी' हा शब्द लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचतो, हेही त्यांना माहीत आहे.

म्हणून प्रश्न हेतूचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. क्षयाचा पेशंट नोंदवणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांना बंधनकारक आहे. नोंद केली की ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्यावर आणखी ५०० रुपये सरकार त्यांना देतं. संशयित पाठवणाऱ्यालाही ५०० मिळतात, पण तो क्षयाचाच निघाला तर. म्हणजे पैसे सापडल्यावर. शोधण्याला शून्य. दहा-पंधरा खोकणारे तपासणीला पाठवावेत तेव्हा एखादा सापडतो, आणि न सापडलेल्या बाकीच्यांमध्ये डॉक्टरनं आपली पत खर्च केलेली असते. मला विचाराल तर हे उलटं करावं. दोन आठवड्यांवर खोकला असलेला पेशंट अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स लिहायच्या आत तपासणीला पाठवला, तर उत्तर काहीही येवो, दवाखान्याला ठराविक रक्कम मिळावी. लहानशीच, पण प्रत्येक वेळी. ही कल्पना हवेतली नाही. मुंबईत आणि पाटण्यात दहा-बारा वर्षांपूर्वी खासगी डॉक्टरांच्या पेशंटना फुकट एक्स-रे आणि जनुकीय तपासणीची व्हाउचर देण्याचा प्रयोग झाला होता. पेशंट आपल्याच डॉक्टरकडं राहिला, तपासणीचा खर्च कार्यक्रमानं उचलला. डॉक्टरला पेशंट गमवावा लागला नाही, ही त्यातली खरी मेख होती.

वाईट तपासणीला असं आमिष लागत नाही, ती आपोआप पसरते, हेही आपण पाहिलेलं आहे. रक्तातली प्रतिद्रव्यं पाहून क्षय सांगणारे किट आपल्याकडं वर्षानुवर्षं धो-धो विकले गेले. उत्तर धड 'हो'चंही खात्रीचं नव्हतं की 'नाही'चंही. शेवटी २०१२ मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. पण रक्त काढणं सुटसुटीत, लॅबला पैसे, डॉक्टरला कागद, पेशंटला समाधान. या साखळीतल्या प्रत्येकाचं भलं होत होतं, फक्त निदान होत नव्हतं.

आता बेडक्याच्या डबीविषयी. पेपरात यंत्राचे फोटो येतात, डबीचे येत नाहीत, आणि निम्मी लढाई तिथं हरली जाते. उपजिल्हा रुग्णालयातला तंत्रज्ञ मेहुण्याला सांगत होता, "थुंकी नको दादा, बेडका पाहिजे. सकाळी उठल्यावर चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, मग पोटातून खोकला. घट्ट, पिवळसर आलं पाहिजे. पाण्यासारखं आलं तर परत बोलवीन." मेहुणा आधी रुग्णालयाच्या जिन्याखाली उभा राहून थुंकून आला होता, ती डबी त्यानं परत पाठवली. शेजारी एक बाई पदराआड डबी धरून उभ्या होत्या. चार माणसांदेखत घशातून खाकरून काढायचं त्यांना जमेना. बोलायचं कुणाला, तर आजूबाजूला सगळे पुरुष. त्या तशाच निघून गेल्या. शंभर जंतू ओळखणाऱ्या यंत्राला लाळ दिली तर ते 'नाही' असंच म्हणणार, आणि हे 'नाही' घेऊन पेशंट निर्धास्त घरी जाणार. एक पत्र्याचा आडोसा, हात धुवायला नळ, आणि नीट समजावून सांगणारी एक आशाताई, याचा खर्च यंत्राच्या किमतीपुढं काहीच नाही. पण याचं उद्घाटन होत नाही.

ज्यांना बेडकाच येत नाही त्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. मुलं, गाठींचा किंवा मणक्याचा क्षय असलेली माणसं, हा वेगळाच अवघड विषय आहे. पण फुप्फुसाच्या क्षयातसुद्धा खोकला नसलेले पुष्कळ असतात. त्याच राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोक केवळ एक्स-रेमुळं सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटले असते. हातात धरायच्या एक्स-रे यंत्रांचं महत्त्व इथं आहे. ते घेऊन वस्तीवर जाता येतं, आणि फोटोवरचा संशयास्पद डाग संगणक लगेच दाखवतो. असं संगणकीय वाचन करणाऱ्या कंपन्यांपैकी एक मुंबईचीच आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम झाली, तिचा भर यावर होता. ही दिशा मला पटते, कारण इथं घड्याळ पेशंटच्या दारात सुरू होतं. खटकतं ते एवढंच की मोहिमेचे शंभर दिवस संपतात, खोकला वर्षभर असतो.

औषधांचं थोडक्यात सांगतो. मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाला पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार लागत आणि त्यातली कित्येक महिने घ्यावी लागणारी इंजेक्शनं कान घालवत. आज बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार आहे; भारतानं त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. बेडाक्विलिनवरची कंपनीची मक्तेदारी लांबू नये म्हणून लढलेल्या दोघींपैकी एक आपल्या मुंबईची नंदिता वेंकटेशन, दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनीही क्षयावरच्या औषधांपायी ऐकू येणं गमावलेलं आहे. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. या दोघींनी जे केलं त्याचं मोल कुठल्याही शोधाइतकं आहे. आणि वर्षभरातच, मार्च २०२४ मध्ये, नेहमीच्या साध्या क्षयाच्या गोळ्यांचा देशात तुटवडा पडला आणि तुमचं तुम्ही स्थानिक पातळीवर खरेदी करा असं केंद्रानं राज्यांना कळवलं. नवं औषध आलं, जुनं संपलं. आपल्याकडं प्रगती अशी येते.

वजनाचं मात्र वेगळं बोलायला हवं. वाया गेलेला प्रत्येक आठवडा काट्यावर दिसतो. मेहुणा एरवी ६१ किलोचा, पहिल्या गोळीच्या दिवशी ४९ भरला. झारखंडमध्ये चार जिल्ह्यांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पेशंटना दरमहा दहा किलोची शिधापिशवी दिली: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल वगैरे. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यातले मृत्यू सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होते. ज्यांच्या घरच्यांनाही तांदूळ-डाळ दिली त्या घरांत नवा क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. क्षयाच्या प्रतिबंधात एवढा फरक घडवणाऱ्या गोष्टी फार नाहीत, आणि ही तर किराण्याच्या दुकानात मिळते. क्षयाच्या पेशंटला आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, चांगलं झालं. पण ते निदानानंतर सुरू होतात, आणि घरच्यांच्या ताटाचा त्यात विचार नाही. त्या ४७ दिवसांत मेहुण्याच्या घरातला जो पैसा डाळीवर जायचा तो विडालवर गेला.

२०२५ पर्यंत क्षयमुक्त भारत अशी घोषणा २०१८ मध्ये झाली होती. २०१५ च्या तुलनेत नव्या पेशंटचं प्रमाण ८० टक्क्यांनी उतरवायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ते लाखामागं २३७ वरून २०२४ पर्यंत १८७ वर आलं, म्हणजे २१ टक्के घट. जगाच्या घटीपेक्षा ही जास्त आहे आणि ती खाली मान घालून सांगायची गोष्ट नाही. पण ८० आणि २१ यांतलं अंतर आणखी यंत्रं घेऊन भरून निघेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एखाद्या पेशंटची पिशवी पालथी करून पाहावी. उशिरा सापडलेला प्रत्येक जण सापडेपर्यंत घरात, एसटीत, कामावर खोकत असतो. मेहुण्याच्या धाकट्या मुलीची तपासणी झाली, तिला सध्या रोग नाही, प्रतिबंधक गोळ्या सुरू आहेत. गॅरेजमधल्या पोऱ्याला कुणी विचारलेलं नाही. तो बिहारचा आहे आणि दिवाळीला गावी गेला तो परतला नाही.

जिल्हा क्षयरोग केंद्राच्या फलकावर नोंदी किती, बरे किती, यंत्रं किती हे खडूनं लिहिलेलं असतं. त्यात एक रकाना वाढवायला काय हरकत आहे: पहिल्या दवाखान्यापासून पहिल्या गोळीपर्यंत, या महिन्यात, सरासरी दिवस. माहिती गोळा करायला नवं ॲप नको. गोळ्या सुरू करताना एक प्रश्न जास्तीचा विचारायचा, "सगळ्यात आधी कुठं दाखवलं होतं, कधी?" आणि त्या दवाखान्याला दंड म्हणून नव्हे, नुसतं कळवायचं की तुमचा अमुक पेशंट क्षयाचा निघाला. आपण काय हुकवलं हे डॉक्टरला कधी कळतच नाही, कारण पेशंट परत येत नाही. मेहुण्याच्या पहिल्या डॉक्टरांना अजूनही माहीत नाही. परवा ते मेहुण्याला बाजारात भेटले आणि म्हणाले, "काय, बरा झाला ना धुराचा खोकला?"

मी त्या दिवशी तंत्रज्ञाला सहज विचारलं होतं, आज किती नमुने आले. मेहुण्याचा धरून तीन, तो म्हणाला. मग चिपचं पाकीट कपाटात ठेवता ठेवता त्यानं सांगितलं, "दुपारनंतर मशीन रिकामंच असतं, साहेब."